बाजूच्या फळीवरचा पाईप

आगाझियोला जगातल्या तीन गोष्टींतलं सगळं कळायचं: कुत्री, द्राक्षं आणि पाईप! पैकी कुत्रं त्याला दोनदा चावलं होतं आणि द्राक्षांना दर वर्षी कीड लागायची. पाईपच्या बाबतीत मात्र त्याला अजून कुणी खोटं पाडलं नव्हतं. त्याचं कारण असं, की त्याला पाईप ओढताना नीट कुणी पाहिलंच नव्हतं. चौकातल्या बारमध्ये तो पाईप तोंडापासून वीतभर लांब धरायचा आणि पाईपविषयी बोलायचा. बोलता बोलता पाईप विझायचा. तो पुन्हा पेटवायचा आणि पुन्हा बोलायचा. तंबाखूपेक्षा काड्याच जास्त खर्च व्हायच्या.

इटलीतल्या कालाब्रियाच्या त्या डोंगरी गावात हे वर्षानुवर्षं खपून गेलं असतं. पण एका शनिवारी आगाझियोची जीभ सैल सुटली.

"डॉक्टर, यंदा तुमचं काही खरं नाही!" तो फुर्फारोला म्हणाला.

फुर्फारो हा गावचा औषधवाला, पण गाव त्याला डॉक्टरच म्हणायचं. चर्चच्या सभागृहात दर सप्टेंबरात पाईपची स्पर्धा व्हायची आणि तीन वर्षं ती हाच पठ्ठ्या जिंकत होता. स्पर्धेचा नियम साधा. प्रत्येकाला एकाच डब्यातली तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या आणि पेटवायला एक मिनिट. पाईप ज्याचा त्याचा. मग पुन्हा काडी लावायची नाही. ज्याचा धूर सगळ्यांत शेवटी संपेल तो जिंकला!

"तू उतरणार?" फुर्फारोनं कॉफीचा कप खाली ठेवला. "इतकी वर्षं तर तुला दर सप्टेंबरात खोकला व्हायचा."

"तोलामोलाचा पाईप मिळत नव्हता म्हणून! आता एक कारागीर सापडलाय. नाव सांगणार नाही. शहरातल्या दुकानदारांना कळलं तर रांगा लागतील."

"वितालियानो ना? करवतींना धार लावून देतो तो?"

आगाझियोनं पाईप पेटवला.

वितालियानो मिस्त्री चेस्टनटच्या राईपलीकडं, डोंगरावरच्या शेवटच्या घरात राहायचा. वय अठ्ठ्याहत्तर. ब्रायरच्या झुडपाची मुळं स्वतः खणून आणायची, उकळायची, मग वर्षानुवर्षं सावलीत सुकवायची आणि त्यातून वर्षाला जेमतेम बारा पाईप करायचे, असा त्याचा खाक्या. खिंडीपलीकडं त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं आणि खिंडीअलीकडं लोक त्याला करवतीच दाखवायचे.

त्याच दुपारी आगाझियो तिथं पोहोचला, तेव्हा मिस्त्रीनं चार पाईप बाकावर मांडले. आगाझियोनं एकेक उचलून पाहिला, हुंगला, नखानं टकटक केलं आणि कानाला लावला. मिस्त्री बघत राहिला. कलिंगड विकत घेणारी माणसं त्यानंही पाहिली होती.

शेवटी आगाझियोनं एक तपकिरी, साधासुधा पाईप निवडला आणि पैसे दिले. तेवढ्यात त्याचं लक्ष खिडकीशेजारच्या फळीवर गेलं. तिथं एकच पाईप होता. पण काय पाईप! तंबाखू भरायच्या वाटीच्या तळापासून काठापर्यंत लाकडाच्या रेषा सरसर वर चढलेल्या.

"मिस्त्री, तो?"

"तो नाही."

"का?"

"विकायचा नाही. त्यात खोट आहे."

"दिसत तर नाही!"

"आतून आहे. मूळ वाढताना पोटात वाळू धरून बसलं होतं. वरून नुसती कातडी आहे. ओढायला घेतला तर वाटीच जळेल. चुलीत घालायचा म्हणून ठेवलाय."

आगाझियो मनातल्या मनात हसला. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढलेला माणूस तो! संपलंय, खराब आहे, आजच नाही, हे सगळं त्यानं स्वतः लोकांना ऐकवलेलं होतं आणि चांगला माल नेहमी खणात ठेवलेला होता. म्हातारा सगळ्यांत झकास पाईप स्वतःसाठी ठेवतोय, हे त्याला लख्ख दिसलं!

मिस्त्री कापडी पिशवी आणायला आत गेला. आगाझियोनं फळीवरचा पाईप खिशात टाकला आणि विकत घेतलेला फळीवर ठेवला. चोरी कसली त्यात? पैसे दिले होते, एकाच्या जागी एक ठेवला होता. मिस्त्री आला तेव्हा तो खिशावर हात ठेवून उभा होता.

"पिशवी राहू द्या. असाच नेतो," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच डोंगर उतरला.

घरी इम्माकोलातानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाईप उलटसुलट करून पाहिला.

"देखणा आहे हो. पण तुम्ही असे घामाघूम का?"

"अगं, मिस्त्री देईनाच! डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

"तुमच्याकडं बघून कुणाच्याही येईल," ती म्हणाली आणि वांगी चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर अकरा स्पर्धक सभागृहात टेबलाभोवती बसले. पंच होते निवृत्त शाळामास्तर देओदातो. त्यांच्यापुढं एक घड्याळ, एक वही आणि घसा कोरडा पडू नये म्हणून लाल वाईनची सुरई. इम्माकोलाता पहिल्याच रांगेत.

"पेटवा!"

आगाझियोनं दोन्ही काड्या वापरल्या. चौथ्या मिनिटाला त्याच्या ओळखीची लक्षणं दिसू लागली. धूर पातळ झाला, नळीत गुळगुळ सुरू झाली. संपलं! आता उद्यापासून बारमध्ये कुठल्या तोंडानं बसायचं? कुत्री गेली, द्राक्षं गेली, आता पाईपही हातचे गेले! त्यानं डोळे मिटून शेवटचा एक जोरदार झुरका घेतला.

आणि धूर आला! चांगला घट्ट, निळा धूर!

दहा मिनिटं झाली, धूर आहे. वीस झाली, धूर आहे! एकेक स्पर्धक हात वर करून उठत होता आणि आगाझियो मात्र वेड्यासारखा आपल्याच पाईपकडं बघत बसला होता. बघा, म्हातारा हाच लपवत होता!

पस्तिसाव्या मिनिटाला दार उघडलं. लग्नातला काळा कोट घातलेला वितालियानो मिस्त्री आत आला आणि इम्माकोलाताच्या शेजारी बसला. गेल्या सहा वर्षांत तो डोंगर उतरलेला कुणाला आठवत नव्हता.

आगाझियोनं त्याला पाहिलं. आला! भर सभागृहात आता हा आपल्याला चोर म्हणणार! त्यानं पाईप घाईघाईनं मुठीत झाकला आणि त्याच क्षणी त्याच्या अंगठ्याला चटका बसला.

त्यानं हळूच पाहिलं. वाटीच्या पोटावर वाटाण्याएवढा काळा डाग पडला होता. बघता बघता त्यातूनही धूर येऊ लागला. मिस्त्री खरं बोलला होता! तंबाखू केव्हाच संपली होती. जळत होता तो पाईप!

सोडावा तर सगळ्यांना भोक दिसणार. धरावा तर हात भाजणार. आगाझियोनं धरला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"कसला हो वास हा?" फुर्फारोनं नाक वर केलं. आता ते दोघंच उरले होते. "कढई करपल्यासारखा?"

"तंबाखू खास आहे!"

"तंबाखू सगळ्यांना एकच दिलीय."

"मग लाकूड खास आहे!" आगाझियो कळवळून म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य.

देओदातो मास्तरांनी चष्मा सरसावून वाटीत डोकावलं. "आगाझियो, यात तर नुसती राख दिसतेय."

"मास्तर, नियम काय म्हणतो? धूर हवा! आहे की नाही?"

धूर होता. तोंडातून होता, वाटीतून होता, बोटांच्या फटींतूनही होता. मास्तरांनी मान डोलावून वहीत खूण केली.

एकसष्टाव्या मिनिटाला फुर्फारोनं हात वर केला. टाळ्या! आरडाओरडा! इम्माकोलातानं नवऱ्याकडं असं पाहिलं, जणू तो कुणा भलत्याच बाईचा नवरा असावा. आगाझियो जिंकला होता, पण पाईप काही विझायचं नाव घेईना!

"बघू तरी!" फुर्फारो टेबलाला वळसा घालून आला. "कुणाच्या हातचा आहे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "वितालियानो मिस्त्रींच्या," आगाझियो पुटपुटला.

सगळ्या माना मिस्त्रीकडं वळल्या.

"मिस्त्री, मला असेच दोन हवेत!" फुर्फारो ओरडला. "अगदी असेच!"

मिस्त्री उठला. सावकाश टेबलापाशी आला आणि त्यानं हात पुढं केला. आगाझियोला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. त्यानं मूठ उघडली. भोकातून आतला लाल निखारा मिस्त्रीकडं बघत होता. मिस्त्रीनं तो पाहिला, मग आगाझियोकडं पाहिलं. मग कुणाला काही दिसायच्या आत त्यानं पाईप मास्तरांच्या वाईनच्या सुरईत सोडला. चर्रर्र!



"जिंकलेला पाईप पुन्हा ओढायचा नसतो," मिस्त्री म्हणाला. "जुनी रीत आहे."

 मग देओदातो मास्तर उठून उभे राहिले. "खरं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "माझे आजोबा सांगायचे."

पुरुषांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. फुर्फारोसुद्धा मान खाली घालून उभा राहिला. आगाझियोचा जीव भांड्यात पडला. त्याला एवढं हलकं वाटलं, की त्यानं मास्तरांना मिठी मारली, फुर्फारोला मिठी मारली आणि ओघात एका खांबालाही मारली.

बाहेर चर्चमागच्या बाकावर इम्माकोलातानं त्याच्या अंगठ्याला रुमाल बांधला. मिस्त्रीनं कोटाच्या खिशातून एक कापडी पिशवी काढली. आत तो तपकिरी, साधासुधा पाईप होता.

"हा तुम्ही माझ्याकडं विसरलात. पैसे देऊन."

"वय झालं हो यांचं," इम्माकोलाता घाईनं म्हणाली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळून चुकलं होतं.

आगाझियोला खरंच लाज वाटली. एवढा चांगला माणूस, या वयात डोंगर उतरून आलेला!

"विसरलो नाही, मिस्त्री. तो मी उचलला होता. मला वाटलं, तुम्ही चांगला माल लपवताय."

"ठाऊक आहे. सकाळी चूल पेटवायला गेलो तर फळीवर हा."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमच्या तोंडात माझं नाव जळत होतं," मिस्त्री म्हणाला. "आधी ते विझवणं भाग होतं."

  आगाझियोनं मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत धरला, चांगला हलवला आणि चटका बसलेला अंगठा दाबला गेल्यावर कळवळून सोडला. मग तिघंही हसले.

आत फुर्फारो आणि इतर चौघं कुणी किती पाईप घ्यायचे यावर भांडत होते. ऊन छान पडलं होतं. आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. आगाझियोनं समाधानानं आपला हक्काचा, पैसे मोजून घेतलेला पाईप भरला, काडी लावली आणि पाय लांब केले.

"वा! मिस्त्री, याला म्हणतात पाईप! काय खेचतो! आता तुम्हाला सांगतो, ब्रायरचं खरं लाकूड कसं ओळखायचं..."

पाईप विझला.

त्यानं दुसरी काडी लावली. विझला. तिसरी लावली. तरीही विझला. आगाझियोनं वाटीत डोकावलं, नळीत फुंकून पाहिलं आणि संशयानं मिस्त्रीकडं नजर टाकली.

"मिस्त्री, यात काही खोट तर नाही ना?"

"एकच," वितालियानो मिस्त्री म्हणाला. "हा आपला आपण जळत नाही. ओढता यावा लागतो."