बिनपायाचा मोर

हुबळीच्या मल्लप्पा शेठनी गाठोडं सोडलं आणि एक चादर ईश्वरप्पांच्या टेबलावर पसरली. चादरीवर चार मोर होते. चौथ्याला पाय नव्हते.

"हा मोर काय बसलाय व्हय?" शेठनी विचारलं.

भवानी पेठेतल्या त्या चादरीच्या कारखान्याचे मालक ईश्वरप्पा मोराकडे बघतच राहिले. शेठनी आणखी दोन चादरी काढल्या. एकीचा काठ उसवलेला, दुसरीला मधोमध भोक.

"नागव्वाला बोलवा!" मालक गरजले.

नागव्वा बावीस वर्षं चादरी तपासत होती. पूर्वी खराब चादर सापडली की ती तिथल्या तिथं उपसून बाजूला टाकायची. पण चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कारकून कुंडलिक पुण्याला तीन दिवस शिकून आला आणि येताना शास्त्रीय पद्धत घेऊन आला. आता नागव्वानं चाळीस चादरींची थप्पी तपासून खराब चादर वरून कितवी तेवढं सांगायचं, कुंडलिकनं यादी करायची, आणि ती पुढच्या थप्पीकडे गेली की त्यानं यादीबरहुकूम चादरी काढायच्या.

"यादीप्रमाणंच काढल्यात मालक," कुंडलिक म्हणाला. "हिचे डोळे गेलेत, दुसरं काय!"

"कुणाचं डोळं?" नागव्वानं पदर खोचला. भिंतीला टोचलेली सुई काढली, दारात उभं राहून एका झटक्यात दोरा ओवला, परत ओढून काढला आणि सुई-दोरा कुंडलिकच्या नाकासमोर धरला. "तू ओवून दाव की."

कुंडलिक दोऱ्याचं टोक चघळत बसला, दोरा काही सुईत जाईना. मालक मात्र विरघळले नाहीत. "सुईचं र्‍हाऊ दे. शेठसमोर एक थप्पी तपास. चुकलीस तर उद्यापासनं घरी बस."

नागव्वानं चाळीस चादरी एकेक करून उलगडल्या, हात फिरवला, पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. "तिसरी, सातवी, आठवी, इसावी."

कुंडलिकनं लिहून घेतलं. वरून मोजून तिसरी उपसली. शेठनी उलगडली. मोराला चोच नव्हती.

"बरोबर," शेठ म्हणाले.

कुंडलिकनं पुन्हा वरून मोजलं, सातवी काढली. शेठनी उलटीपालटी करून पाहिली. त्यांना एकही खोट दिसली नाही.

"बघा!" कुंडलिक चेकाळला. मालकांनी कपाळाला हात लावला.

नागव्वा थप्पीकडे टक लावून बघत होती. बावीस वर्षांत तिचा हात असा कधी फसला नव्हता. तिनं मनातल्या मनात एकदा मोजलं, आणि मग ओरडलीच, "आरं थांब! तिसरी काढलीस तवा थप्पी खाली बसली की! माझी सातवी आता सहावी झाली, आन् तू आठवी उपटलीस व्हय रं!"

"आठवी तर खराब सांगितलीस," कुंडलिक म्हणाला, "आणि ही चांगली आहे!"

आठवी खराब सांगितली होती हे खरं होतं. नागव्वानं ती चादर हातात घेतली, झटकली आणि उजेडात धरली. काठाशी बोटभर जाळी पडलेली होती. शेठच्या नजरेतून तेवढीच सुटली होती.

शेठ खोकले आणि खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"आता दोनी जिथल्या तिथं घाल," नागव्वा म्हणाली, "आन् खालून धर. आधी इसावी काढ, मग आठवी, सातवी, तिसरी. खालची काढली तर वरच्यांचे नंबर हालत न्हाईत."

कुंडलिकनं विसावी काढली. भोक. आठवी, जाळी. सातवी, काठ उसवलेला. तिसरी, बिनचोचीचा मोर. उरलेल्या छत्तीस चादरी शेठनी चष्म्यातून दोनदा पाहिल्या आणि मालकांना म्हणाले, "पुढचा सगळा माल ह्या अव्वाच्या हातचाच पाहिजे बघा."

दुसर्‍या दिवशी भिंतीवर मालकांच्या हुकमाची पाटी लागली. नागव्वाला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय रं?"

कुंडलिकनं घसा खाकरला. "खराब चादरी खालून वर काढाव्यात. नागव्वा सांगेल तसे करावे."

"परत वाच की."

त्यानं परत वाचलं. आख्खा कारखाना माग थांबवून ऐकत होता.

"अजून एकदा, जरा मोठ्यानं," नागव्वा म्हणाली. "डोळं बरं हायत रं, कानच जरा गेल्यात."