सत्तेचाळीस मिनिटांचा निरोप

आमच्या हौशी रेडिओ क्लबात चोवीस सभासद आहेत, पण हवेत गडबड करणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांत हुडकून काढणारा एकच. तो मी! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगायला नको, पण दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून सांगावं लागतं.

त्या रविवारी क्लबाचं भवितव्य टांगणीला लागलं होतं. आमच्या जागेत महिनाअखेरीस व्यायामशाळा सुरू होणार होती. आम्हाला हवी होती ती अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावरची रिकामी खोली. खोलीवर उंच मनोरा, मनोऱ्यावर अँटेना लावायला हवी तेवढी जागा! केंद्राच्या प्रमुख मॅडमनी अट घातली होती. "समजा, शहरातले सगळे फोन बंद पडलेत. हॉस्पिटल, शाळा, पूल आणि पाण्याची टाकी, या चार ठिकाणांहून तासभर मला निरोप आणून दाखवा. जमलं तर खोली तुमची. नाही जमलं तर विषय संपला."

विषय संपला म्हणजे क्लब संपला. चोवीस रेडिओ चोवीस माळ्यांवर जाऊन पडणार! आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त घड्याळजी. एकतीस वर्षांपूर्वी तिघांना घेऊन त्यांनी क्लब काढला होता. त्या आठवड्यात ते जेवत होते की नाही देव जाणे, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता.

भिंतीवरच्या फळ्यावर पुढचे कार्यक्रम लिहिलेले होते. आधी हा सराव, मग नवशिक्यांचा परीक्षेचा वर्ग, मग लांबच्या केंद्रांशी बोलायची स्पर्धा, आणि शेवटी वार्षिक निवडणूक. निवडणुकीत यंदा अध्यक्ष मीच होणार, हे एकमताने ठरलं होतं. मत माझं होतं.

दहाच्या ठोक्याला मॅडम आल्या. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात जमा केले आणि झाकणाला स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली. नोंदवहीवर माझी बायको बसली. ती सभासद नाही, आजच्यापुरती मदतीला आली होती. क्लबाचा नियम असा, की स्पीकरवर जे ऐकू येईल ते वेळेसकट, शब्दन् शब्द उतरवायचं. रेडिओची परीक्षा तिने गेल्या वर्षी दिली. तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त पडले. हा विषय आमच्या घरी मी काढत नाही.

"हॉस्पिटलमधून. दोन खाटा रिकाम्या. ओव्हर."

"शाळेतून. दरवाजे उघडे, माणसं आत घेतोय. ओव्हर."

मॅडमनी मान डोलावली. अध्यक्षांनी आठवड्याभराचा श्वास सोडला. मी आणि माझा मेहुणा कोपऱ्यात सज्ज होतो. आम्ही शोधपथक! मेहुणा चष्म्याच्या दुकानात काम करतो. त्याला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही, पण ताईने सांगितलं म्हणून बिचारा आला होता. मी माझा सेट बॅगेत टाकला, त्यावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, वर पाण्याची बाटली, आणि चेन लागेना म्हणून बॅगेवर गुडघा देऊन ती लावली.

आणि दहा वाजून चार मिनिटांनी स्पीकर किंचाळला! कुईईई! मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"कोणीतरी बटण दाबून बसलंय!" अध्यक्ष ओरडले.

आमच्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा घात. एकाने बोलायचं बटण दाबून धरलं की त्या फ्रिक्वेन्सीवर बाकी सगळे मुके. बोलता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर चला असंही कोणाला सांगता येत नाही. आणि फोन डब्यात!

"मी शोधतो!" मी गरजलो.

"अरे थांब, आधी आपापले सेट..."

मी थांबलो नाही. अशा वेळी थांबतं ते कसलं शोधपथक! मेहुण्याच्या खांद्यावर बॅग दिली, अँटेना उचलली आणि जिना उतरलो.

ही अँटेना मी घरी बनवलेली. प्लॅस्टिकच्या पाइपवर सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे आडवे बसवलेत. मागे एक काटा. अँटेना ज्या दिशेला धरल्यावर काटा सगळ्यात जास्त चढेल, तिकडे गुन्हेगार! ऐकायची सोय नाही, नुसता काटा. कान असलेली यंत्रं कच्च्या लोकांसाठी.

रस्त्यावर येताच काटा टोकाला जाऊन आपटला.

"जवळच आहे हरामखोर!" मी म्हणालो. "चल!"

उजवीकडे फिरवली, काटा टोकाला. डावीकडे फिरवली, तरी टोकाला. आभाळाकडे धरली, तरीही टोकालाच.

"दाजी, बिघडलाय का हो काटा?"

"बिघडत नसतो! शत्रू ताकदवान आहे."

दाताच्या डॉक्टरांच्या दारात मला काटा थरथरल्यासारखा वाटला. घुसलो आत! खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडलेले, डॉक्टर वाकलेले. वळताना माझ्या टेपचं टोक दिव्यात अडकलं आणि दिवा गर्रकन भिंतीकडे फिरला.

"बंद करा ते यंत्र!" मी दरडावलं. "तुमच्यामुळे शहर संकटात आहे!"

"अहो, माझ्याकडे दात कोरायचं मशीन आहे, रेडिओ नाही! आणि तुम्ही तोंड मिटू नका हो!" हे शेवटचं खुर्चीतल्या गृहस्थांना.

डॉक्टरांनी चिडून मशीनची वायर उपटली. काटा ढिम्म. आम्ही बाहेर पडलो. साडेदहा होत आले होते. पंधरा मिनिटांची माझी कीर्ती केव्हाच संपली होती आणि ठरलेल्या तासातला अर्धा संपत आला होता. तिकडे मॅडम घड्याळ बघत असतील.

"दाजी, अध्यक्ष थांबा म्हणत होते. त्यांचं एकदा ऐकलं असतं तर?"

भीती वाटायला लागली की माझी जीभ सैल सुटते. ती सुटली.

"त्यांचं काय ऐकायचं! त्यांना वाटतं, रेडिओलाही रोज सकाळी किल्ली द्यावी लागते! पुढच्या महिन्यात मी अध्यक्ष झालो ना, की पहिल्यांदा त्यांची ती डुगडुगणारी खुर्ची बाहेर!"

"आणि मॅडम? त्या चिडल्या असतील."

"मॅडमना यातलं काय कळतंय? फोन डब्यात घातले आणि बसल्या, चहा कधी येतो बघत!"

"आमची ताई मात्र फार मन लावून करते हो. दर रविवारी तुम्हाला बैठकीला सोडते, घर एकटी आवरते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही बसलो.

"अरे वेड्या, बाजारामागच्या या अरुंद गल्लीत कोण ऐकतंय म्हणून सांगतो, बैठक महिन्यात एकच असते! बाकीचे तीन रविवार मी क्लबात टेबलावर झोपतो. पंखा चांगला आहे. तुझ्या ताईला एवढ्या वर्षांत पत्ता नाही!"

मेहुणा हसला. मग खांदा उडवत म्हणाला, "दाजी, ही बॅग जरा गरम लागतेय."

"ऊन आहे!" मी म्हणालो.

आणखी दहा मिनिटं आम्ही त्याच गल्ल्या पालथ्या घातल्या, तेवढ्यात एका गल्लीच्या तोंडाशी सायकल आली. सायकलवर अध्यक्ष! चेहरा लालबुंद, घामाने निथळलेले. बोलायला दम नव्हता, नुसते दोन्ही हात हलवत होते. मी अँटेना त्यांच्यावर रोखली. काटा टोकाला!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सरावाच्या वेळी हा माणूस जागा सोडून गल्लीत काय करतोय? खिशात चालू सेट असणार! निवडणुकीत माझी नाचक्की व्हावी म्हणून!

"तुम्ही!" मी किंचाळलो. "एकतीस वर्षांचा क्लब बुडवायला निघालात?"

अध्यक्षांनी धापा टाकत सायकल भिंतीला टेकवली.

"पुरावा देतो!" काटा फार चढला की त्याला लगाम घालणारी एक खटकी यंत्राला आहे. खरं तर ती घराबाहेर पडतानाच ओढायची असते. ती मी आता ओढली.

अध्यक्षांवर रोखलेला काटा हळूहळू खाली बसला, थेट शून्याशेजारी. मी अँटेना फिरवली. भिंतीवर शून्य, खिडकीवर शून्य. मग काटा ताडकन उठला. समोर मेहुणा! तो डावीकडे सरकला, काटा त्याच्यामागे डावीकडे. उजवीकडे सरकला, काटा उजवीकडे.

"तू?" मी म्हणालो.

"मी काय केलं?" मेहुणा रडकुंडीला आला.

अध्यक्षांना आता दम परत आला होता. ते अगदी शांतपणे म्हणाले, "बॅग उघड."

उघडली. आतून इस्त्रीसारखी वाफ आली. बाटलीचं बूड माझ्या सेटच्या बटणावर घट्ट रुतून बसलं होतं. मी बाटली उचलली. सेटवरचा लाल दिवा विझला आणि लगेच बायकोचा आवाज आला.

"ऐकू येतंय. सुरुवातीपासून सगळं ऐकू येतंय. आता परत या. ओव्हर."

दहा एक्कावन्न झाले होते. परतीच्या वाटेवर अध्यक्ष सायकल हातात धरून माझ्या शेजारून चालत होते. मला लाज वाटत होती. थट्टेतली नाही, खरीखुरी. मान वर करवत नव्हती.

"ती खुर्ची माझ्या दुकानातली आहे," ते मधेच म्हणाले. "तेव्हा क्लबात बसायला काही नव्हतं."

खोलीत पाऊल टाकलं तेव्हा मॅडम नोंदवही वाचत होत्या. चोवीसपैकी जेवढे तिथे होते, ते सगळे छताकडे बघत होते.

"मॅडम, चूक सर्वस्वी माझी," मी म्हणालो. "शिक्षा मला करा. खोली यांना द्या."

मॅडमनी पान उलटलं. "बाजारामागच्या गल्ल्यांमध्ये आमच्या गाड्यांचे सेट मुके होतात. चार वर्षं झाली, उपाय सापडत नाही. तुमचा आवाज तिथून बॅगेतून, बाटलीखालून आला, आणि एक शब्द चुकला नाही. दातांच्या डॉक्टरांचाही नाही." त्या उठल्या. "खोली क्लबाची. सोमवारी किल्ली न्या. आणि चहा मी पीत नाही!"

अध्यक्ष खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्यांनी खोली दणाणली! कोणीतरी मलाही मिठी मारली, बहुतेक चुकून.

"एवढं राहिलंय," बायको म्हणाली आणि तिने वही माझ्यापुढे सरकवली. "निरोप देणाऱ्याची प्रत्येक पानावर सही लागते. नियम आहे."

सात पानं! मोत्यासारखं अक्षर. वेळ, निरोप, उत्तर, असे तीन रकाने. किल्लीचा रेडिओ होता, खुर्ची होती, मॅडम होत्या. प्रत्येकापुढे उत्तराच्या रकान्यात तिने पट्टीने सरळ रेघ मारली होती. मी सह्या करत गेलो. पाचव्या पानावर, दहा अडतीसच्या तीन रविवारांपुढे मात्र रेघ नव्हती. तिथे लिहिलं होतं: 'निरोप स्पष्ट मिळाला. उत्तर घरी देण्यात येईल.'

मी तिथेही सही केली.