डोळा लागल्याचा क्लेम

"क्लेम? तो तर माझ्या डाव्या हातचा मळ!" दाजींनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. कारखान्याच्या ऑफिसात कामगारांच्या अपघात विम्याचं काम तेच बघायचे. आणि आता पायाला प्लास्टर घालून सोफ्यावर बसला होता तो त्यांचा सख्खा मेहुणा! गोदामात त्याला नोकरीला चिकटवलंही दाजींनीच.

"माझ्या भावाचा क्लेम बुडाला, तर बघा हं!" ताई म्हणाल्या. ताईंच्या या 'बघा हं'ला दाजी लग्नापासून वचकून होते.

त्यांनी लगेच विमा कंपनीला फोन लावला.

"काय झालं, थोडक्यात सांगा," पलीकडची मुलगी म्हणाली.

"अहो, खोक्यांना टेकून बसला होता बिचारा. डोळा लागला, आणि वरचा खोका धाडकन पायावर!"

"अरेरे! डोळापण?" मुलगी कळवळली. दाजी खूश!

पण कंपनीचं उत्तर आलं ते असं, की पायाचं ठीक आहे, डोळ्याची दुखापत बघायला आमच्या तपासनीस बाई उद्या घरी येतील.

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. डोळा लागला म्हणजे झोप लागली, हे आता कोणत्या तोंडाने सांगायचं? कामावर झोपला म्हटलं की क्लेम गेला, नोकरी गेली, आणि मेहुणा कायमचा याच सोफ्यावर!

"बांधा डोळ्याला पट्टी!" त्यांनी फर्मान काढलं.

"दाजी, धड दिसत नाहीये मला!"

"दिसायचंच नाहीये तुला, गाढवा!"

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "कोणत्या डोळ्याला लागलं?"

"उजव्या," दाजी म्हणाले.

"डाव्या," ताई त्याच क्षणी म्हणाल्या. पट्टी डाव्यावर होती.

मेहुणा असा गांगरला, की कुबडी घेऊन आतल्या खोलीत सटकायला निघाला. एका डोळ्याने अंदाज चुकला आणि कुबडी टेकली ती थेट दाजींच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर, सगळ्या वजनानिशी!

"आई गं!" दाजी किंचाळले. घाबरून मेहुण्याने पट्टीच ओढून काढली. खाली टपोरा, ठणठणीत डोळा!

"बाई, डोळ्याला काही झालं नाही हो! डोळा लागला होता, म्हणजे झोपलो होतो मी! दाजींना काही बोलू नका."

"झोपला होता? कधी?"

"जेवणाच्या सुट्टीत."

"मग सुट्टीत माणूस झोपेल नाहीतर काय कवायत करेल?" बाई म्हणाल्या. "जागा कारखान्याची, खोका कारखान्याचा. क्लेम मिळणार! पण पुन्हा पट्ट्या बांधल्यात तर मी आहे आणि तुम्ही आहात." मग त्या दाजींकडे वळल्या. "क्लेमचं काम तुम्हीच बघता ना? हा साधा नियम ठाऊक नाही?"

दाजी पंख्याकडे बघू लागले. पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता! ताईंनी तर डोळे पुसून भावाच्या पाठीत एक गुद्दाही घातला. बाईंना दारापर्यंत सोडायला दाजी हसत हसत, लंगडत निघाले. अंगठा टम्म सुजला होता.

"अहो, हे दाखवून घ्या डॉक्टरांना."

"घेतो की! मीही त्याच कारखान्यातला. माझाही क्लेम होईल ना?"

"घरच्या हॉलमध्ये लागलेलं आमच्या विम्यात बसत नाही," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

ताई बर्फ घेऊन आल्या. अंगठा न्याहाळत म्हणाल्या, "डाव्या हातचा मळ म्हणे! डाव्याच पायावर आला की हो!"