कुत्र्याखालचं कार्ड

“देणगी मागायची नसते हो, माणूस जोडायचा असतो!” वृद्धाश्रमाचे चिटणीस छाती फुगवून म्हणाले.

“जोडा हवं ते, पण लिफ्ट चालू करा,” मेट्रनबाई म्हणाल्या. “वरच्या मजल्यावरच्या अठरा जणांनी दोन वर्षांत खालची बाग पाहिलेली नाही!”

चिटणिसांची युक्ती नामी होती. प्रत्येक देणगीदाराच्या माहितीचं एक कार्ड! दारात वाचायचं, खिशात टाकायचं, मग बेल दाबायची. त्या दिवशी ते वखारवाल्या शेठजींकडे गेले. गुडघ्याची चौकशी केली, कुत्र्याचं कौतुक केलं, गाणं ऐकून तीनदा ‘वा!’ म्हटलं. शेठजी पार विरघळले.

आणि घाम पुसायला रुमाल काढला, तर कार्ड पडलं सोफ्यावर. त्यावर कुत्रा बसला!

चिटणिसांनी कुत्र्याखाली हळूच हात घातला, तर “गुर्रर्र!”

“मुक्या जिवाचा काय हो लळा तुम्हाला!” शेठजी गहिवरले. “थांबा, चेकच लिहितो.”

देवा, एवढं कुत्र्याला उठू देऊ नकोस! पण संकटातच आठवण काढणाऱ्यांची देवही जरा थट्टा करतो. कुत्रा उठला, आणि रोजच्या वर्तमानपत्रासारखं ते कार्ड त्याने इमानाने मालकाच्या हाती दिलं.

शेठजी मोठ्याने वाचू लागले. “‘डावा गुडघा: विचारणे. कुत्रा बेढब: सुंदर म्हणणे. गाणं म्हणजे कानांना जन्मठेप: वा म्हणणे.’”

अठरा सुरकुतलेले चेहरे चिटणिसांच्या डोळ्यांपुढे फिरले.

“खरंच इतकं वाईट गातो मी?”

“हो…” कार्डावर नसलेलं चिटणिसांचं पहिलंच वाक्य!

शेठजींनी पेन उघडलं. झालं, चेकवर काट! चिटणिसांनी डोळे घट्ट मिटले. उघडून पाहतात तो शेठजी कार्डावर दुरुस्ती करत होते: ‘गुडघा उजवा.’

“पोटची पोरं विचारत नाहीत हो. तुम्ही चुकीचा का होईना, गुडघा लिहून तरी ठेवलात! लिफ्ट देतो. पण रोज सहाला तुमच्या वरच्या मजल्यावर मी गाणार. श्रोते पक्के ना?”

“पक्के म्हणजे? हलूच शकत नाहीत!”

लिफ्ट सुरू झाली. त्या संध्याकाळी सहाला पाच कमी असतानाच अठराच्या अठरा बागेत! शेठजींनी वर एकट्या चिटणिसांपुढे सूर लावला, तसा कुत्राही लिफ्टमध्ये जाऊन बसला.

तासाभराने गाणं थांबलं. “कसं झालं?”

चिटणिसांनी सवयीने खिसा चाचपला. कार्ड शेठजींच्या हातात होतं, आणि उत्तर लिहून घ्यायला पेन उघडं!