नुसत्या वाऱ्याची बशी

ज्यांना मारण्याबद्दल कोणाचंही दुमत नाही, असे या जगात आता फक्त जंतूच उरले आहेत. डासांच्या बाजूनेसुद्धा हल्ली कोणी ना कोणी बोलतं. जंतूंची बाजू घेणारा माणूस मात्र अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे त्यांना मारणारं यंत्र आमच्या संशोधन संस्थेत आलं, तेव्हा ते चालतं का, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. (ते दिसतं कसं, हा आला. छान दिसतं.)

मी या संस्थेचा जनसंपर्क अधिकारी, म्हणजे विज्ञान सोपं करून सांगणं हे माझं काम. तर सोपं करून सांगतो. यंत्राचं नाव शीत प्लाझ्मा यंत्र. सिलिंडरमधून वायू सोडायचा आणि त्याला विजेचा सणसणीत झटका द्यायचा. वायूचे अणू बिथरतात, त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सैरावैरा पळत सुटतात आणि नळीच्या तोंडाशी बोटभर जांभळी ज्योत उभी राहते. गंमत अशी की ती गार असते. बोट घातलं तरी भाजत नाही. जंतूंवर धरली तर मात्र त्यांच्या कातडीला भोकं पडतात आणि आतल्या प्रथिनांची घडी विस्कटते.

या घडीचं महत्त्व आम्हाला ताईने समजावलं. ताई म्हणजे आमच्या जंतू विभागातली संशोधक, करारावरची. वयाने संचालकांपेक्षा खूप लहान, पण चूक अशी दाखवते की समोरच्याच्या तोंडून आपोआप 'हो ताई' निघतं. साप्ताहिक बैठकीत ती म्हणाली, "प्रथिनाचं सगळं काम त्याच्या घडीवर चालतं. घडी मोडली की प्रथिन जागेवरच असतं, वजन तेवढंच, नाव तेच. फक्त काम करत नाही." हे ऐकून लेखा विभागातले दोघे आणि आस्थापना विभागाचे प्रमुख उगाचच गोरेमोरे झाले.

यंत्राने संस्थेची भरभराट झाली. पाहुणा आला की आधी चहा, मग ज्योतीत बोट, मग फोटो, असा क्रम ठरून गेला. शंभर टक्के पाहुण्यांनी "अरे, खरंच गार आहे!" असं म्हटल्याची आमच्याकडे नोंद आहे. (उरलेल्यांनी ते मनात म्हटलं.) एका पाहुण्यांनी तर दुसऱ्या हाताचंही बोट घातलं, तुलनेसाठी. आमच्याकडे झालेला तो सर्वांत काटेकोर प्रयोग होता.

सगळं सुरळीत चाललं असताना ताईने मध्येच मिठाचा खडा टाकला. तिला एक सवय होती. जंतू वाढवलेल्या ज्या काचेच्या बशीवर ज्योत धरायची, तिच्याबरोबर ती तशीच जंतूंची आणखी एक बशी ठेवायची आणि तिच्यावर वीज बंद करून नुसता वायू सोडायची. म्हणजे ज्योत नाही, फक्त वारा. आणि त्या बशीतले जंतूही मेले.

"वाळून मेले," ताईने संचालकांना सांगितलं.

"म्हणजे ज्योत काहीच करत नाही?" संचालकांचा चेहरा पडला.

"करते की! अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनावर करून बघितलं मी. वाऱ्याने घडीला काही होत नाही, ज्योतीने मोडते. पण सर, जंतूचं प्रथिन कुठलं आणि माणसाचं कुठलं, हे ज्योतीला थोडंच कळतं? शेजारचं हॉस्पिटल हे यंत्र जखमांवर लावणार आहे. किती जंतू ज्योतीने मरतात आणि किती वाऱ्याने, एवढं मोजू द्या मला. नाहीतर जखमेवर ज्योत किती वेळ धरायची, ते कशावरून ठरवणार?"

संचालक भला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, वाऱ्याचं उद्घाटन करता येत नाही गं."

पुढे हा विषय रीतसर समितीकडे गेला. समितीने प्रयोगशाळेची पाहणी केली, बशा उचलून बघितल्या आणि अहवालात एक गंभीर बाब उघड केली: सदर प्रयोगशाळेत निम्म्या बशांना ज्योतीच्या लाभापासून जाणीवपूर्वक वंचित ठेवण्यात येत असून हा प्रकार समान वागणुकीच्या तत्त्वाशी विसंगत आहे. त्या दिवसापासून सरसकट सगळ्या बशांना ज्योत मिळू लागली. यशाचं प्रमाण ताबडतोब शंभर टक्क्यांवर गेलं आणि तुलना करायची नसल्यामुळे कामही निम्म्यावर आलं. इतकी निरोगी प्रगती मी दुसऱ्या कुठल्या विभागात पाहिलेली नाही.

ताई ऐकेना. त्यातच तिचा करार संपत आला होता. "ठेवायची तर त्या बशीसकट ठेवा," म्हणाली. आता हिला काढलं तर संचालकांना वाईट वाटणार, आणि ठेवलं तर हॉस्पिटलला. शेवटी समितीने तोडगा काढला आणि निर्णय जनतेवर सोपवला. संस्था लोकांसाठी खुली ठेवण्याचा दिवस जवळ आला होता. ताईला एक टेबल मिळेल, त्यावर तिने तिच्या बशा मांडाव्यात. निदान एका पाहुण्याने विषयाला धरून एक प्रश्न विचारला, तर ते काम आणि ताई, दोन्ही चालू राहतील आणि मोजणी होईपर्यंत यंत्र हॉस्पिटलला जाणार नाही. अट एकच होती: कोणी विचारल्याशिवाय ताईने तोंड उघडायचं नाही.

ताईचा जीव भांड्यात पडला. "एकच प्रश्न ना? अहो, या दोन बशा शेजारी ठेवल्या की शेंबडं पोरसुद्धा विचारेल, मग ज्योत कशाला?"

त्या दिवशी दालनाच्या मधोमध यंत्र, आणि ताईचं टेबल कोपऱ्यात, बेसिनशेजारी. टेबलावर दोन बशा. एकीवर चिठ्ठी 'ज्योत आणि वारा', दुसरीवर 'नुसता वारा'. दोन्हींमध्ये जंतूंच्या पांढुरक्या सायीत मधोमध एकसारखा स्वच्छ गोल. पलीकडच्या खुर्चीवर समितीचे सचिव, प्रश्न टिपून घ्यायला.

यंत्रापुढे ही झुंबड! ताईकडे मोजकेच लोक आले. एक बाई लगबगीने आल्या आणि त्यांनी "बाथरूम कुठंय हो?" असं विचारलं. सचिवांनी ते टिपलं, पण विषयाला धरून नाही म्हणून खोडलं. एका आजोबांनी या बशा मायक्रोवेव्हमध्ये चालतात का, ते विचारलं. हा प्रश्न बशीला धरून होता, तरी चर्चेअंती तो भांड्यांच्या सदरात गेला. मला ताईचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मीच विचारलं असतं, पण कर्मचाऱ्यांचे प्रश्न धरायचे नाहीत असा नियम होता. (नियम नसता तर विचारलं असतं का, हे विषयाला धरून नाही.)

आणि मग अगदी शेवटी तुम्ही आलात.

हो, तुम्हीच. इकडे तिकडे काय बघताय? ताईच्या टेबलापाशी थांबलात, वाकलात. दोन्ही चिठ्ठ्या वाचल्यात. ही बशी बघितलीत, ती बघितलीत, परत ही बघितलीत. तुमच्या कपाळाला आठी पडली. ताईने श्वास रोखला, सचिवांनी पेन उघडलं. तुमचे ओठ हलले, आईशप्पथ हलले, मी डोळ्यांनी पाहिलं. एवढ्यात मागे ज्योत पेटली, कोणीतरी ओरडलं, "घाला, घाला बोट, काही होत नाही!" आणि तुम्ही सरळ झालात. ताईकडे बघून गोड हसलात आणि म्हणालात, "छान आहे हं."

सचिवांनी त्यावर बराच विचार केला. तुमचं बोलणं विषयाला धरून होतं, यात वाद नाही. पण तो प्रश्न नव्हता.

ताई त्याच आठवड्यात गेली. जाताना दोन्ही बशा स्वतः धुऊन ठेवल्या. यंत्र आता हॉस्पिटलात आहे. जखमेवर ज्योत किती वेळ धरायची ते तिथले लोक अंदाजाने ठरवतात. तुमचा फोटो मात्र फार सुरेख आलाय, जांभळ्या उजेडात बोट अगदी उठून दिसतंय. तो आम्ही मोठा करून जखमांच्या वॉर्डाबाहेर लावला आहे, पेशंटना धीर यावा म्हणून. खाली ओळ माझीच आहे: 'जागरूक नागरिकांनी स्वतः तपासून पाहिलेले यंत्र.'