परमुलखीच्या करंडकाची हकीकत

॥ श्रीव्हिसादेवी प्रसन्न ॥

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाखमासी, राज्याचे नाव लिहिणे नलगे, तेथील शाळेची नववीची फौज जर्मन भाषा हस्तगत करावी या मसलतीने टोपीकरांचे मुलखी चालून गेली. सरदारी कौमुदीबाई घैसास मास्तरीणबाईंकडे. फौजेत इंद्रनीलराव बोडस म्हणोन एक वीर, खाण्यात आघाडीस आणि बोलण्यात पिछाडीस. मातोश्रींनी त्यांचे पेटीत तांब्या घातला होता, परंतु विमानतळी वजन अधिक भरले, तेव्हा तीर्थरूप म्हणाले, "काढ तो. एवढा पुढारलेला देश, तिथे तांब्या नसेल होय?" आणि तांब्या माघारा गेला. अनर्थाचे मूळ हेच.

मग एकेक वीर एकेका घरी उतरला, आणि इंद्रनीलराव ओटोसाहेब नामे वृद्ध गृहस्थाचे पदरी पडले. गृहस्थ देवमाणूस. पोरास पोटच्या मुलासारखे वागविले, पाव, लोणी, बटाटे यांची रेलचेल केली. दुसरे दिवशी प्रातःकाळी वीर शौचकूपी दाखल जाहले आणि पाहतात तो पाणी नाही, नुसता कागद! "कागदाने का कुठे भागतं?" ऐसे पुटपुटोन बाहेर डोकावले, तो समोर फळीवर चांदीचा करंडक, पोटाने गोल, धरावयास कान. ओटोसाहेबांनी तो तरुणपणी चेंडूने लाकडी खुंटे पाडण्याच्या खेळात जिंकलेला, घरचे दैवतच म्हणा. वीरांस ते काय ठाऊक? आणि ठाऊक असते तरी वेळ कोणास होता? झडप घालोन करंडक नेला, नळावर भरिला, कार्यभाग उरकिला, आणि मग साबणाने घासोन, पुसोन जागचे जागी ठेविला. हाच रोजचा शिरस्ता पडला. करंडक लखलखू लागला. ओटोसाहेबांचा ऊर भरोन आला, की पोर मुके खरे, परंतु आपले दैवत उजळते. पाठीवर थाप दिली. वीर "डांके" म्हणोन आभार मानते जाहले. तेवढीच भाषा हस्तगत होती.

पुढे निरोपाची मेजवानी जाहली, आणि सर्व यजमान व सर्व फौज जमली असता ओटोसाहेबांनी करंडक आणविला, काठोकाठ बिअर भरिली आणि बोलिले, "या मुलाने हा उजळला. यातूनच आज मी पिणार!" करंडक ओठांकडे निघाला. वीरांस पेच पडला. गप्प राहावे तर देवमाणसाचे पोटी घाण जाते, बोलावे तर भर सभेत अब्रू जाते. बाईंस मराठीत सांगावे तर त्या दूरच्या टोकास बटाटे वाढून घेण्यात गुंग. मेलो रे देवा! मग वीर खुर्चीवर चढले आणि अस्सल जर्मन भाषेत गर्जले, "थांबा, ओटोकाका! पिऊ नका! संडासात मी रोज त्याच करंडकाने धुतो!"

एक यजमानीण पुसती जाहली, "काय धुतोस, बाळ?" तो शब्द शिकविलेला नव्हता, म्हणोन वीरांनी पाठ फिरवोन बोटाने दाखविला. कौमुदीबाईंनी कपाळावर हात मारला, आणि मास्तरकीची खोड जाईना म्हणोन बोलिल्या, "मेल्या, वाक्य मात्र अगदी बरोबर!" ओटोसाहेब डोळ्यांतून पाणी येईतो हसले, बिअर कुंडीत ओतिली आणि म्हणाले, "बोललास बाबा एकदाचा! घे, हा आता तुझा."

येणेप्रमाणे मुलूख जिंकिला. करंडक हल्ली शाळेचे काचेचे कपाटी विराजमान आहे, आणि मुख्याध्यापक येईल त्या पाहुण्याचे हाती देवोन मिरवितात. परवा एका थोर पाहुण्यांनी तो भक्तिभावे कपाळास लाविला आणि मग ओठांस लाविला. इंद्रनीलराव पहिलेच रांगेत होते. या खेपेस मराठीत बोलावयाचे होते, तरी बोलले नाहीत.