टाकीवरची बाळंतीण

टाकीखाली गर्दी जमली की ससाण्याची मादी अंड्यांवरून उठायची, आणि ती उठली की इकडं कस्तुराबाईंचा जीव टांगणीला लागायचा.

शहात्तर सालची गोष्ट. सोलापुरात तळ्याच्या बांधावर सकाळी फिरणाऱ्यांची वाट एका बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीखालून जाई. तिच्या कठड्याआड ससाण्याच्या जोडप्यानं घरटं केलं होतं. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या कस्तुराबाई आणि त्यांचे शेजारी, गिरणीतले सिद्धाप्पा, दोघांनी पिल्लं उडेपर्यंत राखण करायचं मनावर घेतलं होतं.

बाईंनी आधी साधी पाटी लावली. 'वर ससाण्याचे घरटे आहे. थांबू नये.' आजवर ज्यांनी मान वर केली नव्हती, तेही थांबून वर बघू लागले.

मग दुसरी. 'पक्षी डोक्यावर झडप घालतो.' दुसऱ्या दिवशी तालमीतले चार गडी डोक्यावर घमेली पालथी घालून झडपेची वाट बघत उभे!

"बाई, मी सांगतो ते लिवा," सिद्धाप्पा म्हणाले. "लिवा, हितं थांबल्यास कोप हुईल."

उजाडताच रोज बांधावर फिरायला येणारी अंबुबाई नारळ-उदबत्त्या घेऊन हजर. "कोप व्हायच्या आत फोडून घेते की!" तिच्यामागं बायकांची रांग. धूर वर गेला, मादी उडाली आणि वीस मिनिटं परतलीच नाही.

कस्तुराबाईंनी पदर खोचला. "रंग आणा, सिद्धाप्पा."

"आता काय लिवताय?"

"तुमी निस्ती शिडी धरा."

पाटी झाली. 'नसबंदी शिबिराची जागा. पुरुषांनी थांबून नावे द्यावीत.'

त्या दिवसांत नसबंदीचा धाक असा, की नुसता शब्द ऐकून माणसं शेताच्या बांधाआड दडत. तालमीतल्या एका गड्यानं पाटी मोठ्यानं वाचली आणि वहाणा हातात घेऊन पळाला. बांध ओस पडला. सिद्धाप्पासुद्धा म्हणाले, "बाई, माझी राखणीची पाळी मी पल्याडच्या काठावरनं करतो. तितनंबी दिसतंय की!"

दीड महिना कसा निवांत गेला. मग एक दिवस जीप आली. आरोग्य खात्याचे साहेब फाईल घेऊन उतरले.

"हे शिबिर कुणी मंजूर केलं?"

"मंजुरी न्हाय. पाटी मी लावली," बाई म्हणाल्या. "शिक्षा करायची तर करा, पर आवाज हळू."

त्यांनी दुर्बीण साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती डोळ्यांना लावली. कठड्यावर तीन पिल्लं पंख झाडत होती. साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं,

"तिन्ही ठीक आहेत ना?"

"ठणठणीत हायत."

साहेबांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. मग इंजिनाचा आवाज नको म्हणून ड्रायव्हरसोबत जीप ढकलत रस्त्यापर्यंत नेली.

पंधरा दिवसांनी बाईंना सरकारी पत्र आलं. 'आपल्या शिबिराच्या अहवालात तीन जणांची प्रकृती उत्तम असल्याची नोंद आहे. त्यांना घरी केव्हा व कसे पाठवले, ते कळवावे.'

उभ्या नोकरीत बाईंनी खोटा शब्द लिहिला नव्हता. त्यांनी पोस्टकार्ड घेतलं.

'रविवारी सकाळी. तिघेही उडत गेले.'